मोठ्या बाईंचे नाक

माझ्या घरी येणारे पाहुणे माझ्यावर एक उपकार हमखास करतात. न्हाणीघरातल्या धुण्याच्या यंत्राचे झाकण उघडे दिसले की ते बंद करतात. मी विसरले असेन असे त्यांना वाटते. पाहुणे गेले की मी ते पुन्हा उघडते, तळाशी हात फिरवून कोरडे आहे ना ते पाहते आणि निचऱ्याची नळी खाली लोंबती आहे याची खात्री करून घेते. ही शिस्त मला यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेने लावलेली नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत, गंगाखेडला, ती मला एका नाकाने लावली.

ते नाक आमच्या मुख्याध्यापिकेचे होते. शाळेत आणि गावात त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. नाक दिसायला साधेच होते, किंचित बसके. पण त्याचा वापर त्या जितक्या जाणीवपूर्वक करीत, तितका आपण डोळ्यांचाही करीत नाही. सकाळी प्रार्थनेआधी त्या शाळेतून एक फेरी मारीत. पाण्याचा माठ, फळा पुसायचे फडके, नकाशांची गुंडाळी, शिपायाची छत्री, अशा प्रत्येक वस्तूपाशी थांबून, जरासे वाकून, एक लहान श्वास घेत. मग निकाल देत. "माठ आतून घासा." "फडकं बदला." "नकाशे उन्हात पसरा. आशिया खंडाला बुरशी आलीय."

मधल्या सुट्टीत मुलींच्या डब्यांचीही तपासणी होई. त्यात रागावणे मुळीच नसे. डबा नाकाशी नेऊन त्या सांगत, "भाकरी गरम असताना झाकण लावलंस. वाफ कुठं जाणार बिचारी? भाकरीतच शिरणार. उद्यापासून आधी निवू द्यायची, मग झाकायचं." मुलगी मान हलवी आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच निववू लागे.

त्यांची दोन वाक्ये शाळेत भिंतीवर लिहिल्यासारखी सर्वांना पाठ होती. पहिले, "झाकलेलं वाढतं." हे त्या जखमेबद्दल म्हणत, भांडणाबद्दल म्हणत, आणि ओल्या दप्तराबद्दलही म्हणत. दुसरे त्या गृहविज्ञानाच्या तासाला सांगत, "ओल आणि अंधार यांचं लग्न लावू नका गं. फार लेकरं होतात." मोठ्या वर्गातल्या मुली पदर तोंडाला लावून हसत. बाई मात्र गंभीर चेहऱ्याने फळ्यावर बुरशीची आकृती काढत.

मी परभणीहून रुजू व्हायला आले तेव्हा एकट्या मास्तरीणबाईला खोली द्यायला गावात कोणी चटकन तयार नव्हते. मोठ्या बाई म्हणाल्या, "माझ्या घरामागं दोन खोल्या आहेत. आधी ती वळकटी सोड." मी सोडली. त्या वाकल्या.

"एसटीच्या टपावर होती. वाटेत पाऊस लागला. आणि खाली कुणाची तरी मिरचीची पोती होती."

"हो, बाई."

"आज हिला ऊन दे. उद्यापासून राहायला ये."

"मग आज मी कुठं झोपू?"

"माझ्या घरात झोप की. वळकटी तेवढी बाहेर राहू दे."

एवढ्या मुलाखतीवर मी त्यांची भाडेकरू झाले.

या नाकामागचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही तांदूळ निवडता निवडता, सहज. त्या लहानपणी शाळेत जात तेव्हा त्यांच्या मोहल्ल्यातल्या मुलींना दाराजवळ बसवीत. गुरुजी म्हणत, तिथे हवा लागते. हवा कोणाला लागायला हवी होती हे मुलींना कळत असे, कारण बाकीची मुले नाक धरून दाखवीत. "आमचं लुगडं रोज धुतलेलं असायचं," बाई म्हणाल्या, "पण एकच. पावसाळ्यात वाळायचं नाही. दमट नेसून जायचं, त्याला कुबट वास यायचा. मी ठरवलं, दुसऱ्यानं नाक धरण्याआधी आपण आपलं नाक वापरायचं. वास सगळ्यांआधी मला कळला पाहिजे." पुढे त्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला, त्या शिकल्या, मुख्याध्यापिका झाल्या, आता दाराजवळ कोणाला बसवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांनी वर्गांची दारे-खिडक्या तेवढ्या सतत उघड्या ठेवायला लावल्या.

त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून धुरपताबाईचा वाडगा होता. शेळ्या आणि मेंढ्या मिळून बराच कळप. धुरपताबाई रोज सकाळी शेळीचे दूध घालायला येई आणि दोघींचे ठरलेले भांडण होई.

"धुरपता, रात्रभर तुझ्या मेंढ्यांच्या वासात झोपलो आम्ही."

"मग? वासाबिगर मेंढरू आसतं का कुठं? आवो बाई, त्या वासावरच तर मेंढी आपलं कोकरू वळखती. तुमी पोरींचे डबे वळखता, तसंच."

"म्हणजे मी मेंढी?"

"आता ते मी कामून म्हणू? तुमीच म्हणलात!"

दूध मोजून होईपर्यंत दोघी हसत. ज्या दिवशी हे भांडण होत नसे, त्या दिवशी सकाळ अपुरी वाटे.

बाईंचा एकुलता एक मुलगा आखातात नोकरीला होता. एका उन्हाळ्यात तो आला तो धुण्याचे यंत्र घेऊन. रेल्वे स्टेशनापासून घरापर्यंत ते बैलगाडीतून आले आणि गाडीमागे निम्मी गल्ली आली. पांढरी, चौकोनी टाकी. तळाशी पंख्यासारखी फिरणारी चकती. पाणी सोडायला एक रबरी नळी. आणि वर, कपडे पिळायला, हाताने फिरवायचे दोन रबरी रूळ. आईच्या हातांना पाण्याने भेगा पडतात म्हणून त्याने ते आणले होते. परत जाताना तो आईला बजावून गेला, "जपून वापर."

बाईंनी ते फारच जपले. न्हाणीत ठेवले तर पत्रा गंजेल, म्हणून बैठकीत ठेवले. आमच्या भागात घरात रेडिओ किंवा शिवणयंत्र आले की त्याला भरतकामाचा झगा शिवण्याची रीत आहे. वस्तू जितकी मोलाची, तितका झगा जाड. शिवणाच्या तासाला मुलींनी या यंत्रासाठी मांजरपाटाचा झगा शिवला. धूळ आत जाऊ नये म्हणून त्याला मेणकापडाचे अस्तर लावले. चारही बाजूंना मोर भरले आणि समोर 'सुस्वागतम्' लिहिले, कारण मुलींकडे अक्षरांचा तेवढाच छाप होता. धुणे झाले की बाई यंत्र पुसत, नळी जमिनीवर ठिबकू नये म्हणून वरच्या आकड्याला अडकवीत, झाकण लावीत आणि त्यावर झगा चढवीत.

ज्या बाईंनी आयुष्यभर साऱ्या गावाला झाकणे उघडायला लावली, त्यांच्या घरात एवढी एकच वस्तू झाकलेली होती.

पावसाळा लागला आणि बैठकीत वास येऊ लागला. आधी पुसट, मग स्पष्ट. ओल्या पोत्यासारखा, शिळ्या ताकासारखा. मला वाटले, बाईंच्या नाकाने तो माझ्याआधी टिपलाच असेल आणि त्या बंदोबस्त करतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणून मलाही माझ्याच नाकाचा भरवसा वाटेना.

त्या पावसाळ्यात बौद्ध वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतले, धम्मग्रंथाचे वाचन चालले होते. दर पौर्णिमेला बायका पांढरी लुगडी नेसून येत. बहुतेकींकडे पांढरे लुगडे एकच, आणि पावसात ते वाळणे अवघड. बाईंच्या मनाने घेतले की भाद्रपदातल्या पौर्णिमेसाठी सगळ्यांची लुगडी आपल्या यंत्रात धुवावीत. रुळांतून पिळून निघाली की घरातल्या दोरीवरसुद्धा वाळतील. बायकांनी मोठ्या विश्वासाने लुगडी आणून दिली. बाईंनी स्वतः धुतली, पिळली, वाळवली, घडी करून घरोघर पोचवली. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मी शाळेचा निकाल चांगला लागल्यावरही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेतून वस्तीच्या वाटेने परतत होतो. सार्वजनिक नळावर बायका धुणे धूत होत्या. त्यांच्या हातात तीच पांढरी लुगडी होती. आम्हाला पाहून एकीने लुगडे टोपल्याखाली सरकवले. घरापर्यंत बाईंची पावले नेहमीपेक्षा भरभर पडत होती.

घरी आल्यावर त्यांनी मला विचारले, "यंत्रावर विश्वास नाही का त्यांचा? की माझ्यावर?"

मी उत्तर जुळवीत होते, तोच मागच्या दाराने धुरपताबाई आली. तिने पदर नाकाला लावला आणि सरळ बोलली.

"बाई, रागाऊ नका. तुमच्या ह्या मोराच्या यंत्रात उंदीर मेलाय."

"काय?"

"लय घाण वास यायलाय. मला वाटलं आज काढाल, उद्या काढाल. आता तर लुगड्यालाबी लागला म्हणं."

बाईंनी मोरांचा झगा काढला, झाकण उघडले आणि टाकीत वाकून, शाळेत माठापाशी घेत तसा, एक लहान श्वास घेतला. मग मोठा घेतला. मग आणखी एक. वर होऊन त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुला येतो?"

"येतो, बाई."

"केव्हापासून?"

"पाऊस लागल्यापासून."

त्या धुरपताबाईकडे वळल्या. "आणि तुझ्या मेंढ्यांचा? आता, इथं?"

"यायलाय की. मी काय अत्तर लावून आले का? पर बाई, खरं सांगू? हिवाळ्यापासून तुमी माज्या मेंढरांवर एकदाबी बोलला न्हाईत. मला वाटलं, माज्यावर रागावल्या."

बाई खुर्चीवर बसल्या. त्या हिवाळ्यात त्यांना जबर पडसे झाले होते. पडसे गेले आणि जाताना नाक घेऊन गेले. त्यांना ते थोडे थोडे कळलेही होते. एकदा दूध करपून घरभर धूर झाला तरी त्या पलीकडच्या खोलीत शांतपणे वह्या तपासत होत्या. शाळेतली फेरी त्यांनी थांबवली नव्हती. फक्त प्रत्येक वस्तूपाशी थांबून त्या आता "ठीक आहे" एवढेच म्हणत होत्या. मुली खूश होत्या. आमच्यापैकी कोणालाही संशय आला नव्हता.

"मला नाही येत," त्या म्हणाल्या. "कशाचाच नाही येत."

धुरपताबाईने पदर नाकावरून खाली घेतला.

बाई शिक्षिकेसारख्या उठल्या. "नाक नाही तर बोटं आहेत. पेचकस आण."

विजेची पिन काढून आम्ही यंत्र मोरीच्या कडेला घेतले. तळाची चकती सोडवली. तिच्याखाली करड्या रंगाची, दह्याच्या सायीसारखी जाड बुळबुळ बसली होती. बाईंनी ती दोन बोटांत चोळून पाहिली. गंगाखेडच्या आमच्या विहिरीचे पाणी जड होते. जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी त्याचा चिकट गाळ होतो, आणि तो कपड्यांचा मळ घेऊन चकतीखाली दडून बसतो. मग त्यांनी आकड्याला अडकवलेली नळी काढून मोरीत सोडली. त्यातून काळे पाणी पडले. नळी वर अडकवल्यामुळे प्रत्येक धुण्याचे थोडे पाणी वाकणात साठून राहत होते. झाकण बंद, त्यावर मेणकापडाचा झगा. वारा यायला कुठून वाटच नव्हती. ओल आणि अंधार यांचे लग्न बाईंनी स्वतःच्या बैठकीत, मोरांच्या साक्षीने लावले होते.

धुरपताबाई वाकून वाकून पाहत होती. "उंदीर न्हाईच व्हय? मग येवढा वास कशाचा?"

"माझ्या कौतुकाचा," बाई म्हणाल्या.

मी सुचवले की दार लोटून घेऊ, दोघी मिळून यंत्र स्वच्छ करू आणि कोणाला काही कळू देऊ नये. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मीच एखादा ओला डबा दप्तरात घालून आणला आहे.

"काय वाढतं?" त्यांनी विचारले.

"झाकलेलं," मी वर्गातल्यासारखे उत्तर दिले.

"मग रविवारी यंत्र अंगणात घे. सगळ्यांना निरोप दे."

आश्विनातली पौर्णिमा, म्हणजे वर्षावासाच्या समाप्तीचा दिवस, जवळ आला होता. बायका आल्या, पण जरा अवघडून, अंगणाच्या कडेने उभ्या राहिल्या. गयाबाई त्यांच्यात वडीलधारी. ती म्हणाली, "बाई, आमी काय तक्रार केली न्हाई. यंत्र तुमचं हाय. आन् लुगडं काय, परत धुता येतं."

"तक्रार करायला हवी होती, गयाबाई. आता ऐका. यंत्राला वास येत होता आणि मला कळला नाही, कारण माझं नाक गेलंय. हिवाळ्यापासून. मी ते झाकून ठेवलं."

इतक्या वर्षांत त्या नाकाने सगळ्यांच्या घरातले माठ तपासले होते, बाळंतिणींच्या खोल्या तपासल्या होत्या, लेकींचे डबे तपासले होते. आता या बायका हसतील, की दया दाखवतील, की उद्यापासून बाईंचा शब्द मानणार नाहीत, हे मला समजेना; आणि बाईंनाही समजत नव्हते, हे त्यांच्या घट्ट मिटलेल्या मुठीवरून दिसत होते.

मग गयाबाईने कपाळावर हात मारला. "तरीच माय! माज्या नातीचा डबा तुमी परवा पास केला. त्यात चार दिवसाची चटणी हुती!"

एक बाई फिस्सकन हसली. दुसरी म्हणाली, "आमच्या पोरीचे मोजेबी पास झाले!" आणि मग सगळ्याच हसू लागल्या. बाईसुद्धा हसल्या, मूठ कधी सुटली ते मला दिसले नाही.

"आता कामाचं बोलू," त्या म्हणाल्या. "मी करते आणि सांगते. वास तुम्ही घ्यायचा. माझ्याऐवजी."

पुढचा तास हा मी पाहिलेला सर्वांत चांगला पाठ होता. चुलीवर पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा विरघळवला. चकती, तिची खालची बाजू आणि टाकीचा तळ नारळाच्या काथ्याने घासला. कोपऱ्यांतला पांढरा थर लिंबाच्या फोडीने सुटला. नळीतून कढत पाणी पुन्हा पुन्हा सोडले. रबरी रूळ मात्र बाईंनी कोमट पाण्यानेच पुसले, "रबराला चटका देऊ नका, चिरलं की त्या चिरेत पुन्हा घाण बसते." दर टप्प्यानंतर एकेक बाई टाकीत डोके घालून निकाल देई.

"हाय अजून. थोडाच हाय."

"कुठल्या बाजूला?"

"नळीकडं."

बाई नळीकडे वळत. शेवटी गयाबाईने डोके घातले, बराच वेळ बाहेर काढले नाही, आणि आतूनच घुमत्या आवाजात म्हणाली, "पास!"

यंत्र दुपारभर उन्हात उघडे ठेवले. त्याच दिवशी नियम ठरले. धुणे संपले की स्वच्छ पाणी एकदा फिरवून सोडायचे. टाकी कोरड्या फडक्याने पुसायची. नळी खाली लोंबती ठेवायची. झाकण उघडे. धुणे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, म्हणून चकती काढून घासायची ती अमावास्येला. म्हणजे विसरायला होत नाही. मुलींनी शिवलेल्या झग्याचे काय करायचे, हा प्रश्न उरला. त्या मुलींचे मन मोडणे बाईंना शक्य नव्हते. त्यांनी मेणकापड उसवले, झगा एका बाजूने उलगडला आणि बैठकीच्या दाराला पडदा म्हणून लावला. 'सुस्वागतम्' अखेर आपल्या योग्य जागी गेले.

लुगडी मात्र त्यांनी मागितली नाहीत. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी पाणी भरून ठेवले, साबण किसून ठेवला आणि दाराकडे पाठ करून वह्या तपासत बसल्या. मी पाहत होते. एकाच वहीवर त्या फार वेळ अडकल्या होत्या. पडदा सरकला. गयाबाई आत आली आणि तिने आपले लुगडे टेबलावर, वहीच्या वर ठेवले.

"बसल्या काय, बाई? मागं रांग लागली हाय."

पौर्णिमेला विहार पांढरा शुभ्र दिसत होता. खिरीसाठी दूध घेऊन धुरपताबाई आली होती आणि दाराशी थबकली होती. बाईंनी तिला हाताला धरून आत आणले, आपल्या शेजारी बसवले.

"धुरपता, सांग बरं, काय वास येतोय?"

"खिरीचा. इलायची लय घातलीय."

"आणि लुगड्यांचा?"

धुरपताबाई उठली. रांगेतल्या बायकांच्या पदरांशी वाकत, हुंगत, शेवटपर्यंत जाऊन आली. बायका गुदगुल्या झाल्यासारख्या हसत होत्या. परत येऊन ती बाईंजवळ टेकली.

"न्हाई बाई. लुगड्यास्नी काय बी वास न्हाई."

बाईंनी डोळे मिटून आपला तो लहानसा श्वास घेतला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "मलाही तेवढाच येतोय."